सहा तारखेचे टायर

लेक : नटांना गंज लावायचा राहिलाय, बाबा.

बाप : राहिलेला नाही. तिथं गंज नव्हताच.

लेक : असं कसं? रिम बघा, पार सडलीय. हौद्याच्या कडा गंजल्यात, पाटे गंजलेत, दाराच्या बिजागरीतून ओघळलेला गंजसुद्धा काढलात. आणि चाकाचे नट तेवढे लखलखीत? सगळं करून सवरून इथंच माशी शिंकली?

बाप : माशी शिंकू देणारा माणूस मी नव्हे. हे भिंग घे आणि नीट बघ. नटाच्या कडांचा रंग उडालाय, आतलं लोखंड दिसतंय. पाना बसला की तसंच होतं. ब्रशाचे सगळे केस कापून एकच ठेवला आणि त्या एका केसानं रंगवलेत. चारी बाजूंचे मिळून चाळीस नट. तुझी आई म्हणाली, हे झालं की मुंग्यांना पैंजण घालायला बसा.

लेक : आईचं काय चुकलं? रिटायर झालेली माणसं सकाळी फिरायला जातात. तुम्ही जी गाडी एकेचाळीस वर्षं चालवलीत, तीच आता दीड वितीची करून स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडून बसलात. आम्ही जेवतोय मांडीवर ताट घेऊन.

बाप : मांडून बसलात म्हणजे? मालकांनी करायला सांगितलीय. कंपनीला पन्नास वर्षं झाली, त्यांनी कचेरीत काचेचं कपाट केलंय. त्यात म्हातारी ठेवायची; यार्डात या ट्रकला म्हातारीच म्हणतात. म्हणाले, उस्ताद, नवीकोरी नको, वापरलेली वाटली पाहिजे. म्हटलं, वाटायचं काय त्यात, आहे तश्शीच करतो.

लेक : हे निळ्या रंगाचे पापुद्रे निघालेत, ते कसे केले?

बाप : मीठ. आधी अख्खी गाडी गंजाच्या रंगात रंगवायची. वाळली, की जिथं रंग उडालेला हवा तिथं पाण्याचा हात लावून मिठाचे दाणे चिकटवायचे. वरून निळा मारायचा. तो वाळला की मीठ घासून काढायचं. मिठाबरोबर निळा जातो, खालचा गंज उघडा पडतो.

लेक : तरीच आई विचारत होती, घरातलं मीठ कोण खातंय.

बाप : सांग तिला, खाल्ल्या मिठाला जागतोय म्हणून.

लेक : जागा, जागा. पण टायर चुकलेत तुमचे.

बाप : आता टायरनं काय घोडं मारलं?

लेक : अहो, पार गुळगुळीत केलेत. उजव्या पुढच्याला तर तारा बाहेर आलेल्या दाखवल्यात. हे काय आहे, कुणाचा केस?

बाप : केस कसला! विजेच्या वायरीतली तार आहे. सोलायची, आतली एकेक तार सुटी करायची, चिमट्यानं धरून टायरच्या कडेला रोवायची आणि वर काळपट हात फिरवायचा. तीन दुपारी गेल्या तेवढ्यात.

लेक : काम झकास आहे, पण खोटं आहे. ही गाडी चार तारखेला आमच्या केंद्रावर पासिंगला आली होती. मीच तपासली. सहाही टायरच्या खाचांत माप घालून बघितलं. भरपूर रबर होतं. तिच्या फिटनेसवर माझी सही आहे.

बाप : चार तारखेचं मला नको सांगूस. मी फोटो काढले सहा तारखेला, यार्डात, गाडीखाली उताणा पडून. चौसष्ट फोटो आहेत. सहा तारखेला जे डोळ्यांनी बघितलं ते हे. पदरचं एक टिंब घातलेलं नाही मी.

लेक : दोन दिवसांत टायरला टक्कल पडत नाही, बाबा.

बाप : तो बारीक ब्रश दे इकडे. रंग वाळतोय.

लेक : वाळू दे. चार तारखेला टायर चांगले. सहा तारखेला टायर संपलेले, आणि नटांवर पान्याचे ओरखडे ताजे. म्हणजे मधल्या दिवशी चाकं उतरवली.

बाप : तुला तपासनिसाची नोकरी लागली तेव्हा मी सगळ्या यार्डाला ओरडून सांगितलं होतं. आता घरातच तपासणी लावलीस होय?

लेक : उतरवली की नाही?

बाप : जावई होते ते.

लेक : कोण होते?

बाप : जावई. यार्डात तेच म्हणतात. मागच्या खोलीत सहा चांगले टायर ठेवलेत, ताडपत्रीखाली. गाडी पासिंगला जायची असली की आदल्या दिवशी जावई चढवायचे. एक दिवस मिरवायचे, कामाला हात लावू द्यायचा नाही, आणि पासिंग झालं की परत खोलीत नेऊन बसवायचे. चौदा गाड्यांना सहा जावई पुरतात. तारखा तशा मागंपुढं लावून घेतात.

लेक : किती वर्षं चाललंय हे?

बाप : थोरल्या मालकांपासून.

लेक : आणि चढवायचे कुणी?

बाप : ज्याची गाडी त्यानं.

लेक : म्हणजे तुम्ही.

बाप : मग काय मालक येणार होते पाना घेऊन?

लेक : बाबा, मी पाच वर्षं त्या केंद्रावर आहे. पाच वर्षांत एकदासुद्धा हे माझ्या कानावर घालावंसं वाटलं नाही?

बाप : घालायचं काय त्यात? मला वाटलं, तुला माहीत आहे.

लेक : मला माहीत आहे आणि तरी मी सही करते, असं वाटलं तुम्हाला?

बाप : सगळेच करतात. तुझ्या आधीचे ते टकलू साहेब तर टायरवर थाप मारून विचारायचे, काय उस्ताद, पाहुणे कधी आले? मला वाटलं, तुलाही दिसत असेल. मनात म्हटलं, पोरगी शहाणी झाली. जगाबरोबर चालायला शिकली.

लेक : हसतात मला तिथं, ठाऊक आहे? हिला माप घालायची हौस आहे म्हणतात. वायपर हलला, हॉर्न वाजला की गाडी सोडायची सोडून ही बया चाकापाशी उकिडवी बसते. आणि घरी आले की मला वाटायचं, जाऊ दे, एका माणसाला तरी माझं काम कळतं. आधी चाक बघायचं आणि मग गाडी, हे मला कुणी शिकवलं?

बाप : मीच शिकवलं.

लेक : आणि तुम्हीच मला चोर समजत होतात.

बाप : चोर कधी म्हटलं मी? शहाणी म्हटलं.

लेक : तुमच्या यार्डात दोन्ही एकच आहे!

बाप : आवाज खाली कर. शेजारीपाजारी ऐकतील.

लेक : ऐकू देत. म्हातारी सध्या कोण चालवतं? बारक्याकाकाच ना?

बाप : दुसरं कोण? एकोणीस वर्षं माझ्याकडं क्लीनर होता. मी उतरलो, तो चढला.

लेक : आज कुठे आहे तो?

बाप : वरच्या खाणीवर. खडी भरतोय. सकाळी फोन आला होता, बाराला निघतो म्हणाला.

लेक : घाटानं?

बाप : खाणीतून खाली यायला दुसरा रस्ता आहे कुठं?

लेक : बाबा, तुम्ही भिंग लावून त्या टायरची एकेक तार रोवलीत. तीन दुपारी. त्या टायरच्या बरोबर वर बारक्याकाका बसतो. तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही?

बाप : नाही आलं.

लेक : एकदाही?

बाप : नाही गं. खोटं कशाला बोलू? गाडी दिसत होती, माणूस दिसलाच नाही. पहिली तार नीट बसली तेव्हा तुझ्या आईला हाक मारून दाखवली मी. खूश झालो होतो. लाज वाटते आता सांगताना.

लेक : लाज नंतर वाटून घ्या. आधी फोन लावा त्याला. म्हणावं, गाडी काढू नको.

बाप : असं कसं म्हणू? मालकांना न विचारता गाडी उभी केली की उद्या त्या सीटवर दुसरा बसतो. दोन पोरं शिकतायत त्याची. माझ्या एका फोनवर त्याची भाकरी जायची.

लेक : मग मी आमच्या तपासणी नाक्यावर कळवते. ते अडवतील.

बाप : तुमचा नाका आहे कुठं? घाटाच्या पायथ्याला. तिथवर पोचली तर अडवतील. आणि पोचलीच सुखरूप, तर अडवून काय करायचं?

लेक : वाजले किती?

बाप : अकरा चाळीस. थांब, मालक पावणेबाराला येणार आहेत, हे मॉडेल न्यायला. त्यांच्याशी बोलतो मी. हाफचड्डीत होते तेव्हापासून माझ्या मांडीवर बसून स्टेअरिंग फिरवायचे. माझा शब्द खाली पडू देणार नाहीत.

लेक : आणि पडू दिला तर?

बाप : बेल वाजली बघ. दार उघड जा. आणि कपाळावरच्या त्या आठ्या जरा उतरव.

(मालक आत येतो. हातात मॉडेल ठेवण्यासाठी आणलेली काचेची पेटी.)

मालक : उस्ताद! अहो, हात आहेत की काय हे! म्हातारी जित्तीजागती आणून बसवलीत की टेबलावर! आणि ही दाराची खोक! ही तर मी पाडली होती, गाडी शिकताना. आठवतंय?

बाप : फाटकाच्या खांबाला घासलीत. थोरल्या मालकांना मी सांगितलं, माझ्या हातनं झालं.

मालक : तेच म्हणतो मी! अशी माणसं आता औषधाला मिळत नाहीत. ताई, तुम्हीही आहात का? बरं झालं. तुमच्या वडिलांनी आमची कंपनी उभी केलीय हो. वडिलांनी फक्त पाटी लावली, गाडा यांनी ओढला.

लेक : बसा.

मालक : बसत नाही, गाडी खाली उभी आहे. वा! छानच. फक्त काय आहे उस्ताद, एक बारीकशी सूचना. हे टायर तेवढे बदलता येतील? पाहुणेमंडळी येणार, कपाटापाशी उभी राहणार. गंज चालेल, गंज शोभून दिसतो. टायर जरा नवे टाका. आणि नटांना गंजाचा एक हात मारा, की झालं.

बाप : टायर नवे आणि नट जुने?

मालक : हां. म्हणजे कुणी जाणकार माणूस आलाच, तर उगाच बोलायला जागा नको.

लेक : जाणकार येऊन गेला.

मालक : काय म्हणालात?

लेक : मी बघितलंय सगळं. जावईसुद्धा कळले.

मालक : अच्छा. उस्ताद, घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात, एवढं तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

बाप : मी कुठं काय बोललो? या म्हातारीनंच सांगितलं. जशी होती तशी केली, तिथंच फसलो. ते जाऊ दे, मालक. माझं एक काम करा. बारक्या बाराला खाणीवरून निघतोय. त्याला फोन करून थांबवा. टेम्पोत जावई घालून वर पाठवून द्या. तासाभराचं काम. मी स्वतः जातो पाना घेऊन.

मालक : जावई आज रिकामे नाहीत.

बाप : कुठं गेले?

मालक : नऊ नंबरला चढलेत. तिचं पासिंग आहे उद्या.

लेक : नऊ नंबर उद्या माझ्याकडेच आहे.

मालक : मग प्रश्नच मिटला. माप घालून बघा, उत्तम आहेत. ताई, रागावू नका, पण नियम काय सांगतो? गाडी तपासणीला आणाल तेव्हा टायर चांगले हवेत. होते. तुम्हीच मोजलेत. आम्ही नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकलेलं नाही.

लेक : प्रमाणपत्र एका दिवसाचं देत नाही आम्ही. वर्षाचं देतो. त्यावर लिहिलंय, गाडी रस्त्यावर चालवायला योग्य. आमच्या केंद्राच्या आवारात उभी करायला योग्य, असं नाही लिहिलेलं.

मालक : आता शब्दांचा कीस पाडत बसलात, तर या देशातली एक गाडी पास होणार नाही. तुमच्या फॉर्मात टायरचा नंबर लिहायला रकाना तरी आहे का?

लेक : नाही.

मालक : मग?

लेक : उद्यापासून समासात लिहीन. प्रत्येक टायरवर नंबर कोरलेला असतो. तेच सहा नंबर चौदा गाड्यांना कसे येतात, ते वरच्यांना बघू दे.

मालक : आणि चार तारखेचं काय लिहाल? सही तुमची आहे, ताई. माझी नाही.

लेक : तेच पहिल्या ओळीत लिहिणार आहे. चार तारखेला मी फसले. मी दिलेलं प्रमाणपत्र रद्द करा.

मालक : सस्पेंड व्हाल.

लेक : होईन.

मालक : लोक म्हणतील, बापाच्या कंपनीची गाडी लेकीनं डोळे मिटून पास केली.

लेक : म्हणू देत. डोळे उघडे ठेवून फसले, हे मला ठाऊक आहे. लोकांना पटलं नाही तरी माझं काही अडत नाही.

मालक : उस्ताद, समजवा हिला. पोर आहे, तिला व्यवहार कळत नाही. ही लिहायला बसली की पहिलं बोलावणं तुम्हाला येणार. पस्तीस वर्षं जावई चढवले कुणी? या हातांनी. कंपनीकडे कसला कागद नाही. कुणी सांगितलं, काय सांगितलं, काही नाही. ड्रायव्हर लोकांनी आपापसात केलं, आम्हाला काय माहीत?

बाप : तुम्हाला माहीत नाही?

मालक : मी आपलं वकील काय म्हणेल ते सांगतो.

बाप : थोरले मालक उभे राहायचे शेजारी. घाई करा रे, सकाळी सातला नंबर आहे, म्हणायचे. तुम्ही बॅटरी धरली होतीत एकदा. कॉलेजात होतात.

मालक : कोण सांगणार हे?

बाप : मी.

मालक : उस्ताद, माझ्याशी असं बोलायची वेळ आली तुमच्यावर? अहो, पस्तीस वर्षांत काय झालं का? एक माणूस गेला का आपला? देवाच्या दयेनं एकसुद्धा नाही. मग कशाला उगाच पाण्यात काठी मारायची?

बाप : चार नंबर घाटात गेली होती.

मालक : ते निराळं. त्या ड्रायव्हरला झोप लागली होती.

बाप : नव्हती लागली.

मालक : चौकशीत सगळ्यांनी तेच सांगितलं. तुम्हीसुद्धा.

बाप : हो, मीसुद्धा. दरीत पहिला उतरलो मी. पुढचा टायर केळ्याच्या सालीसारखा सोलून निघाला होता. तो मी बघितला. थोरले मालक वरून ओरडले, काय झालं रे? मी ओरडून सांगितलं, झोप लागली असेल. मला कुणी पढवलं नव्हतं. माझ्याच तोंडून आलं, आपोआप. मग सगळे तेच म्हणाले. त्या ड्रायव्हरचा पाय गेला. आता यार्डाच्या फाटकावर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहितो. यार्डात त्याला काय म्हणतात, सांगा हिला.

मालक : जुन्या गोष्टी आहेत, उस्ताद.

बाप : झोप्या म्हणतात. पोरंसोरं म्हणतात. त्याच्या सुनेनं म्हटलं एकदा, माझ्यासमोर. बावीस वर्षं तो माणूस झोप्या म्हणून हाक मारली की ओ देतो. आणि तो झोपला नव्हता! जागा होता. स्टेअरिंगला लोंबकळला होता शेवटपर्यंत, कठड्याला घासत नेली त्यानं गाडी, म्हणून क्लीनर वाचला. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी रोज फाटकातून जाताना हात दाखवायचो त्याला. काय झोप्या, बरा आहेस ना?

लेक : बाबा, बसा जरा.

बाप : नाही बसत. एकेचाळीस वर्षं बसूनच काढली.

मालक : हे बघा, तुमचं मन मी समजू शकतो. आपण असं करू. पुढच्या आठवड्यात म्हातारीला दोन नवे टायर टाकू. शब्द देतो. मॉडेल मी असंच नेतो, टायर-बियर काही बदलू नका. फक्त यार्डात काढलेत ते फोनमधले फोटो तेवढे पुसून टाका. माझ्यासमोर. मग विषय संपला. मी विसरलो, तुम्ही विसरलात, ताई विसरल्या.

लेक : मी नाही विसरणार.

मालक : मी उस्तादांशी बोलतोय.

बाप : आणि आज?

मालक : आज काय?

बाप : आज बाराला. पुढच्या आठवड्यात नवे टायर. आज घाट कशावर उतरायचा?

मालक : तीन आठवडे उतरतोयच की! आज काय निराळं आहे? जरा माल जास्त आहे, तेवढंच. एका फेरीत दोन फेऱ्यांचं भागवायचंय. सावकाश ये म्हणून सांगितलंय मी त्याला.

बाप : दुप्पट भरलीय?

मालक : दुप्पट नाही हो. दीडपट.

लेक : बाबा, अकरा पन्नास.

बाप : एवढा वेळ गेला?

लेक : तुम्ही लावता की मी लावू?

बाप : तुझं ऐकणार नाही तो. दे इकडे फोन.

मालक : उस्ताद, विचार करून लावा. तुम्ही मोकळे आहात, रिटायर आहात. त्याची चूल माझ्यावर चालते. त्यानं आज गाडी उभी केली, तर उद्या यार्डात येऊ नको म्हणावं. आणि त्याचं पाप तुमच्या माथ्यावर.

बाप : असू दे माझ्या माथ्यावर. आधीची बरीच आहेत, त्यात हे एक. आणि ते मॉडेल टेबलावर ठेवा.

मालक : ठरलं होतं आपलं. मला द्यायचं ठरलं होतं.

बाप : ठेवा म्हटलं ना! माझ्या घरात, माझ्या मिठानं केलंय. तुमच्या कपाटासाठी बाजारातून आणा एखादं, चकचकीत मिळतं. ही गाडी उद्या माझ्याबरोबर हिच्या साहेबांपुढं जाणार आणि शेजारी चौसष्ट फोटो. खेळणं आणलंय म्हणून हसले तर हसू देत. मी एकेक चाक हातात देऊन सांगेन, हे कधी उतरवलं, कुणी उतरवलं. माझं नाव पहिलं सांगेन. मग तुमचं.

मालक : भलतंच महागात पडेल हे, उस्ताद.

बाप : उस्ताद म्हणू नका मला. लागली रिंग. उचल रे बाबा, उचल.

लेक : स्पीकरवर टाका.

बाप : मला नाही येत ते. गप. हॅलो! बारक्या? कुठं आहेस?… खाणीच्या फाटकात? वजनकाट्यावरनं निघालास म्हणजे. चालू आहे गाडी?… ऐक, ऐक माझं. पुढं घेऊ नकोस. आहे तिथं उभी कर.

मालक : द्या, मी बोलतो त्याच्याशी.

बाप : हात नका लावू फोनला! हां, बारक्या, मालक इथंच आहेत, माझ्या घरी… नाही, त्यांनी नाही सांगितलं. ते निघ म्हणतायत. मी थांब म्हणतोय.

मालक : सांगा त्याला, नोकरी गेली म्हणून. सांगा!

बाप : ऐकलंस ना? ते खरं बोलतायत. नोकरी जाईल. मी खोटा धीर देणार नाही तुला… अरे, मी कुठला साहेब? कोणत्या हक्कानं म्हणजे… एकोणीस वर्षं माझ्या डाव्या बाजूला बसलास, त्या हक्कानं. तुझा टायर मी सहा तारखेला बघितला, बारक्या. खाली पडून फोटो काढले त्याचे. घरी येऊन तस्सा बनवला. आणि तुला म्हणालो नाही. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. माझं चुकलं.

लेक : काय म्हणतोय?

बाप : थांब जरा. बारक्या? तुझ्या घरी मी येतो संध्याकाळी, तुझ्या बायकोला मी सांगतो कुणामुळं झालं ते. तिनं चपलेनं मारलं तरी चालेल. पण आज घाट उतरायचा नाही. मी एवढ्या वर्षांत तुला कधी थांब म्हणालो नव्हतो. आज म्हणतोय… बारक्या?

मालक : निघाला असेल तो. त्याला अक्कल आहे तुमच्यापेक्षा.

लेक : बाबा? निघाला का?

बाप : नाही. इंजिन बंद केलं त्यानं.